थोडे, पण नित्य

गेल्या महिन्यात एका रात्री इशाची नमाज आटोपून मस्जिद रिकामी होत असताना आमच्या मोहल्ल्यातील एक बंधू मागे थांबले. मोटारसायकलच्या सुट्या भागांचे त्यांचे दुकान आहे. सकाळी नऊला वर गेलेले शटर रात्री इशाच्या वेळेपर्यंत खाली येत नाही. वय 41. "मौलाना, एक विचारायचे आहे, पण हा मसला दीनचा आहे की नाही, ते मला कळत नाही," अशी त्यांनी सुरुवात केली.

त्यांच्या वडिलांना मी ओळखत होतो. मधुमेहाने आधी त्यांच्या पायाची बोटे गेली, मग पाऊल गेले. पहिल्या सफमध्ये उभी राहणारी ती व्यक्ती आधी खुर्चीवर आणि शेवटची दोन वर्षे अंथरुणावर नमाज अदा करीत राहिली. आता मुलाची रक्तशर्करा सीमेवर आली आहे आणि वजन कमी केल्यास ती मागे फिरू शकेल, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले आहे.

"पाच महिने झाले, मौलाना," ते म्हणाले. "94 किलो होतो, 89 वर आलो. गेले पाच आठवडे काटा जागचा हलत नाही. दुकान सांभाळू, मुलांचे शिक्षण पाहू, की हे करीत बसू? सोडून द्यावेसे वाटते. नशिबात असेल ते होईल."

मी त्यांना सब्र करण्यास सांगितले, दुआ दिली आणि दिवे मालवले. घरी आल्यावर मात्र त्यांचे शेवटचे वाक्य मनातून जाईना. अल्लाहवर भरवसा ठेवणाऱ्या माणसाचे वाटणारे ते वाक्य खरे तर थकलेल्या माणसाचे होते. दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी होती. त्याच दुपारी मी एका वलीम्यात बिर्याणीची दुसरी रिकाबी नाही म्हणता म्हणता संपवून आलो होतो. या मस्जिदीत इमाम म्हणून आलो तेव्हापासून माझे स्वतःचे वजन दहा किलोंनी वाढले आहे. मिंबरवरून संयमाचा उपदेश करणाऱ्याने आधी स्वतःचा हिशेब पाहावा, असे त्या रात्री मला वाटले. हा लेख त्या बंधूंसाठी आहे, माझ्यासाठी आहे. आणि वाचकहो, दिवसभराच्या धावपळीत हीच लढाई लढणाऱ्या आपणांपैकी प्रत्येकासाठी आहे.

हा प्रश्न दीनचा आहे का?

होय, आहे. आदरणीय सलमान (रजि.) आणि आदरणीय अबू दरदा (रजि.) यांची हकीकत सहीह बुखारीत आली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या दोघांत बंधुत्वाचे नाते जोडून दिले होते. सलमान (रजि.) भेटीस गेले तेव्हा त्यांना दिसले की, अबू दरदा (रजि.) दिवसा रोजा ठेवतात आणि रात्र नमाजमध्ये घालवितात, घराकडे व शरीराकडे त्यांचे लक्ष उरलेले नाही. सलमान (रजि.) यांनी त्यांना आग्रहाने जेवू घातले, रात्री झोपण्यास सांगितले आणि रात्रीच्या शेवटच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग ते म्हणाले की, आपल्या पालनकर्त्याचा आपणावर हक्क आहे, स्वतःच्या जिवाचा हक्क आहे आणि घरच्यांचाही हक्क आहे; ज्याचा जो हक्क असेल तो त्याला द्यावा. ही गोष्ट प्रेषितांच्या (स.) कानी गेली तेव्हा सलमानचे म्हणणे सत्य आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला.

उपासनेच्या भरात शरीराचा हक्क बुडविण्याचीही जिथे अनुमती नाही, तिथे दुकानाच्या किंवा नोकरीच्या भरात तो बुडविण्याची अनुमती कशी असेल? शरीर ही आपली मालमत्ता नव्हे. ती अल्लाहने आपल्या हाती सोपविलेली अमानत आहे. याच शरीराने सजदा करायचा आहे, वृद्ध आईवडिलांना आधार द्यायचा आहे, लेकरांचे पोषण करायचे आहे.

आणि ही चिंता एकट्यादुकट्याची नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात 15 ते 49 या वयोगटातील सुमारे 24 टक्के स्त्रिया आणि 23 टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आहेत. म्हणजे दस्तरखानावर चौघे बसले, तर त्यांतील जवळजवळ एकाचा हा प्रश्न आहे.

आता नशिबाविषयी. हिजरी 18 मध्ये शामच्या प्रदेशात प्लेगची साथ पसरली होती. खलीफा आदरणीय उमर (रजि.) सर्ग या ठिकाणापर्यंत जाऊन परत फिरले. आदरणीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, आपण अल्लाहने ठरविलेल्या नियतीपासून पळ काढीत आहात काय? उमर (रजि.) यांचे उत्तर असे होते की, होय, आम्ही अल्लाहच्या एका नियतीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या नियतीकडे जात आहोत. रोग ही नियती असेल, तर पथ्य, व्यायाम आणि उपचार हीसुद्धा त्याच पालनकर्त्याने निर्माण केलेली नियती आहे. "नशिबात असेल ते होईल" हे वाक्य प्रयत्नांच्या शेवटी शोभते; प्रयत्न सोडताना ते केवळ सबब ठरते.

घाईचा स्वभाव आणि हिफ्जचा धडा

माणूस उतावळा निर्माण केला गेला आहे, असे दिव्य कुरआन सूरह अल-अंबियामध्ये सांगतो. वजनाच्या बाबतीत हा उतावळेपणा प्रत्येक घरात दिसतो. वीस वर्षांत हळूहळू चढलेली चरबी वीस दिवसांत उतरावी, अशी आपली अपेक्षा असते. मग कोणी केवळ काकडी खाऊन राहतो, कोणी भात कायमचा सोडण्याची शपथ घेतो, कोणी जाहिरातीतील पावडर आणतो. तीन आठवड्यांनी शरीर आणि मन दोन्ही थकतात आणि गेलेले वजन व्याजासह परत येते.

स्वतः कुरआनचे अवतरण सुमारे 23 वर्षांत, थोडे थोडे करून झाले. विरोधकांनी विचारले की, तो एकदम का उतरविला गेला नाही? सूरह अल-फुरकानमध्ये त्याचे उत्तर आले आहे, त्यायोगे प्रेषितांचे (स.) हृदय दृढ व्हावे, हा त्यामागील उद्देश होता. जे थोडे थोडे येते, ते अंतःकरणात मुरते.

मला हे मदरशात कळले. मी दहाव्या वर्षी हिफ्जसाठी बसलो. सुमारे सहाशे पाने समोर होती आणि रोजचा सबक असे अर्ध्या पानाचा. पहिल्या दिवशी मी हिशेब केला आणि रडू आले. हिफ्ज पूर्ण होण्यास साडेतीन वर्षे लागली. पण त्यातील सर्वांत मोठा धडा एका वाईट महिन्याने दिला. तापातून उठलो होतो. नवा सबक काही केल्या पाठ होईना. उस्ताद रागावतील असे वाटले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी सबक थांबविला आणि महिनाभर केवळ आमोख्ता, म्हणजे आधी पाठ झालेल्या भागाची उजळणी, करून घेतली. "या महिन्यात तू पुढे गेला नाहीस," ते म्हणाले, "पण मागेही आला नाहीस. हिफ्ज टिकतो तो आमोख्त्यावर."

दुकानदार बंधूंचे ते पाच आठवडे म्हणजे आमोख्त्याचा महिना आहे, हे मला त्या रात्री उमगले.

आता साधा हिशेब पाहू. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी साठविलेल्या असतात. रोजच्या गरजेपेक्षा 250 कॅलरी कमी पडतील अशी व्यवस्था केली, तर महिन्याकाठी साधारण एक किलो वजन उतरते. 250 कॅलरी म्हणजे किती? दुकानात येणारा-जाणारा चहा मागवितो. दिवसाचे सहा कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर धरली, तर केवळ त्या साखरेच्याच सुमारे 200 कॅलरी होतात. म्हणजे ज्याने चहातील साखर सोडली आणि थोडे चालणे सुरू केले, त्याला महिन्याला एक किलो हेच फळ मिळणार. ते अपयश नसून हिशेबाप्रमाणे मिळालेली पुरी मजुरी आहे. डॉक्टरही आठवड्याला अर्धा ते एक किलोपेक्षा अधिक वेगाने वजन उतरविण्याचा आग्रह सहसा धरीत नाहीत. कारण फार वेगाने वजन उतरले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

काटा थांबतो तेव्हा

वजन घटत असताना काटा मध्येच थांबणे, हा शरीराचा स्वाभाविक क्रम आहे. 94 किलोच्या शरीराला जेवढे अन्न लागत होते, तेवढे 89 किलोच्या शरीराला लागत नाही. त्यामुळे पूर्वी जी कपात पुरेशी होती, ती आता अपुरी पडू लागते. शिवाय शरीरातील पाण्याचे प्रमाण रोज बदलते. आदल्या रात्री खारट खाणे झाले, झोप कमी झाली, बद्धकोष्ठ झाले, स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळी जवळ आली, तरी काटा एखाद-दीड किलो वर जातो. ती चरबी नसते. म्हणून रोज सकाळी काट्यावर उभे राहून दिवसाची मनःस्थिती ठरवू नये. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी उपाशीपोटी वजन पाहावे आणि महिन्यातून एकदा फीत घेऊन कंबर मोजावी. आशियाई लोकांसाठी पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरपेक्षा कमी असावी, असे मानले जाते. पुष्कळदा काटा थांबलेला असतो आणि फीत मात्र सैल होत असते.

आणखी एक गोष्ट त्या बंधूंना ठाऊक नव्हती. मूळ वजनाच्या पाच टक्के घट झाली तरी रक्तशर्करा, रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांत सुधारणा दिसू लागते. 94 किलोचे पाच टक्के म्हणजे पावणेपाच किलो. त्यांनी पाच किलो उतरविले होते. ज्या टप्प्यावर ते हताश होऊन सोडून देणार होते, तो टप्पा लाभ सुरू होण्याचा होता.

2002 साली अमेरिकेत डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम या नावाने एक मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक लोक सहभागी होते. त्यांतील एका गटाला दोन उद्दिष्टे दिली होती : वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला 150 मिनिटांचे, भरभर चालण्यासारखे श्रम. सुमारे तीन वर्षांच्या काळात त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी कमी राहिले. सात टक्के म्हणजे या बंधूंसाठी साडेसहा किलो. त्यांतले पाच झाले आहेत, उरले दीड.

काट्याविषयी अखेरची गोष्ट. आदरणीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पोटऱ्या फार बारीक होत्या. एकदा ते मिस्वाकसाठी झाडावर चढले असता वाऱ्याने वस्त्र हलले आणि त्या बारीक पोटऱ्या पाहून काही लोकांना हसू आले. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, अल्लाहच्या तराजूत त्या उहुद पर्वतापेक्षाही जड आहेत. ही हदीस मुस्नद अहमदमध्ये आली आहे. त्या तराजूत मांस व हाडे तोलली जात नाहीत. कर्मे तोलली जातात. आणि सूरह अज्-जिल्जालमध्ये आश्वासन आहे की, कणभर सत्कर्मही तिथे दिसल्यावाचून राहणार नाही. अमानत राखण्याच्या नियतीने परत ठेवलेली एक पुरी घरातील काट्याला कळत नाही. पण त्या तराजूत तिची नोंद होते.

वेळ कुठून आणावा?

बुखारी शरीफमधील एका हदीसचा आशय असा आहे की, दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ लोक फसतात : आरोग्य आणि फुरसत. या दोहोंचा उल्लेख एकत्र आला आहे, हे लक्षात घ्यावे. फुरसत नाही म्हणून आपण आरोग्य गमावतो आणि मग गेलेल्या आरोग्यामागे दवाखान्यांत सगळी फुरसत खर्च करतो.

दुसऱ्या एका हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की, दीन सुलभ आहे, जो त्यात स्वतःवर कठोरपणा लादून घेईल तो हरेल, म्हणून मध्यम मार्ग धरा आणि सकाळची वेळ, दुपारनंतरची वेळ व रात्रीचा काही भाग यांचे साहाय्य घ्या. हे मार्गदर्शन उपासनेविषयीचे आहे. परंतु त्यात प्रवाशाची जी रीत सुचविली आहे, ती व्यग्र माणसाच्या फार उपयोगाची आहे. शहाणा प्रवासी दिवसभर उंट पळवीत नाही. तो अनुकूल वेळा निवडतो आणि मुक्कामाला पोहोचतो.

आठवड्याची 150 मिनिटे म्हणजे रोजची 22 मिनिटे. ती एकत्रच असली पाहिजेत असे नाही. फजरनंतर दुकान उघडेपर्यंतचा काळ आपल्या हाती असतो. त्यातील दहा-पंधरा मिनिटे भरभर चालावे. दुपारच्या जेवणानंतर गल्ल्यामागे पेंगण्याऐवजी पाच-सात मिनिटे फेरी मारावी. मस्जिदीला मोटारसायकलवरून जात असाल, तर पायी जावे. बनू सलमा या कबिल्याची वस्ती मस्जिदे नबवीपासून दूर होती. त्यांनी मस्जिदीजवळ राहण्यास येण्याचा विचार केला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना आपल्या घरीच राहण्यास सांगितले, कारण त्यांची पावले नोंदली जात होती. मात्र एक सावधगिरी बाळगावी. नमाज ही व्यायाम म्हणून अदा करू नये. ती अल्लाहसाठीच असावी. मस्जिदीच्या वाटेवरचे चालणे शरीराच्याही उपयोगी पडते, ही त्या दयाळू पालनकर्त्याची वरची देणगी समजावी.

झोपेचेही असेच आहे. रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल पाहणाऱ्याला सकाळी भूक अधिक लागते आणि गोड-तळलेल्या पदार्थांची ओढ वाढते. इशानंतर अनावश्यक गप्पा प्रेषितांना (स.) आवडत नसत. ही एक सुन्नत पाळली, तरी फजरही सुटणार नाही आणि पथ्यही सुटणार नाही.

दस्तरखानावरची शिस्त

अन्नाविषयी इस्लामची शिकवण तिरस्काराची नाही. सूरह अल-आराफमध्ये खाण्यापिण्याची अनुमती आणि अतिरेकाची मनाई एकाच आयतीत आली आहे. तिरमिजी व इब्ने माजा यांच्या संग्रहांतील प्रसिद्ध हदीसचा आशय असा की, माणसाने भरलेल्या भांड्यांत पोटाहून वाईट भांडे नाही. पाठ ताठ राहण्यापुरते काही घास त्याला पुरेसे आहेत. आणि अधिक खायचेच असेल तर पोटाचा एक हिस्सा अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा.

हे प्रत्यक्षात कसे आणावे? मोठ्या सामाईक थाळीत बसून खाताना आपण किती खाल्ले ते कळत नाही. म्हणून काही काळ आपला वाटा आधीच वेगळ्या रिकाबीत काढून घ्यावा. निम्मी रिकाबी भाजी व कोशिंबिरीने भरावी, पाव हिस्सा डाळ, अंडे, मासळी किंवा कमी तेलातील मांस, आणि पाव हिस्सा भाकरी किंवा भात. बिर्याणी हराम नाही. तिची दुसरी रिकाबी गरजेची नाही, एवढेच. सालनावरचा तेलाचा तवंग पावाने पुसून खाण्याची सवय सोडावी. सावकाश खावे, कारण पोट भरल्याची जाणीव होण्यास थोडा वेळ लागतो.

इथे घरातील पुरुषांना एक विनंती आहे. आपल्यासाठी वेगळे शिजविण्याचा भार घरच्या स्त्रीवर टाकू नका. तिचाही दिवस फजरपूर्वी सुरू होतो. त्यापेक्षा सर्वांच्याच सालनात तेल कमी होऊ द्या. मुलांच्या ताटातील उरलेले घास वाया जाऊ नयेत म्हणून ती स्वतः खाते, आणि वजन वाढले म्हणून बोलही तिनेच ऐकायचे, हा न्याय नव्हे. मुलांना मुळातच थोडे वाढावे. प्रेषित (स.) घरी असत तेव्हा घरच्यांच्या कामाला हातभार लावीत आणि नमाजची वेळ झाली की निघत, असे आदरणीय आएशा (रजि.) यांनी सांगितले आहे. आपण संध्याकाळी अर्धा तास घरकाम केले, तर तो व्यायामही होईल, सुन्नतही होईल आणि पत्नीला चालायला जाण्यास अर्धा तास मिळेल.

दावत आणि सुटलेला धागा

लग्नसराई, अकीका, ईद यांतून सुटका नाही आणि ती असूही नये. निमंत्रण स्वीकारणे हा मुसलमानाचा मुसलमानावरील हक्क आहे. परंतु सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये स्पष्ट आले आहे की, निमंत्रण आल्यास जावे. मग इच्छा असल्यास खावे, नसल्यास सोडावे. हक्क उपस्थितीचा आहे, दुसऱ्या रिकाबीचा नाही. यजमानांनीही आग्रहाला आवर घालावा. मधुमेही पाहुण्याच्या ताटात बळेबळे गोड वाढणे ही मेहमाननवाजी नव्हे.

तरीही एखाद्या दिवशी तोल जाईल. माझा गेला, आपलाही जाईल. खरा धोका त्या जेवणाचा नाही. "आता मोडलेच आहे, तर महिना अखेरपर्यंत खाऊन घेऊ" या विचाराचा आहे. सूरह अन्-नह्लमध्ये शपथा मोडण्याविषयी बोलताना एका स्त्रीचे उदाहरण आले आहे, जी कष्टाने पक्के सूत काततो आणि मग स्वतःच ते उसवून टाकते. एक धागा तुटला म्हणून सगळे सूत उसवायचे नसते. तुटलेल्या जागी गाठ मारून पुढे कातायचे असते.

सहीह मुस्लिममधील आणखी एका हदीसचा आशय येथे मनात कोरून ठेवावा. बलवान श्रद्धावंत हा दुर्बल श्रद्धावंतापेक्षा अल्लाहला अधिक प्रिय आहे, आणि दोघांतही भलाई आहे. जे हितकारक आहे त्याची ओढ धरा, अल्लाहकडे साहाय्य मागा आणि हतबल होऊ नका. आणि काही बिघडले तर "असे केले असते तर" असे म्हणत बसू नका, कारण हे "तर" सैतानाच्या कामाला वाट करून देते. वजनाच्या प्रवासात हे "तर" पदोपदी भेटते. त्याला एकच उत्तर द्यावे : पुढच्या जेवणापासून पुन्हा सुरुवात.

घरच्यांची जीभ

माणसाचा धीर पुष्कळदा भुकेपेक्षा घरच्यांच्या बोलण्याने खचतो. "इतके दिवस उपाशी राहून काय झाले?" हा प्रश्न विचारणाऱ्याला ती थट्टा वाटते, ऐकणाऱ्याचे पाच महिने त्यात मोडून पडतात. सूरह अल-हुजुरातमध्ये एकमेकांची टर उडविण्यास आणि वाईट नावांनी हाक मारण्यास मनाई आहे. लठ्ठ मुलाला शरीरावरून हाक मारणे, मुलीच्या बांध्यावर पाहुण्यांसमोर टीका करणे, हे याच मनाईत मोडते.

मग कसे वागावे? आदरणीय आएशा (रजि.) सांगतात की, एका प्रवासात प्रेषितांनी (स.) त्यांच्याशी धावण्याची शर्यत लावली आणि त्या जिंकल्या. पुढे काही काळाने, त्यांचे अंग भरल्यावर, पुन्हा शर्यत झाली आणि प्रेषित (स.) जिंकले. ते हसून म्हणाले की, ही त्या वेळची परतफेड. या घटनेत अंग भरल्याचा टोमणा नाही. बरोबर धावणे आहे. आपल्या घरातील कोणाला वजन कमी करायचे असेल, तर त्याला बोलू नका, त्याच्याबरोबर चाला.

रोजाविषयी थोडे

पुष्कळजण विचारतात की, वजन उतरविण्यासाठी सोमवार व गुरुवारचे नफिल रोजे ठेवावेत काय? रोजा हा अल्लाहसाठी असतो. नियत अल्लाहची असेल आणि शरीरालाही लाभ झाला, तर ती त्याची कृपा. परंतु केवळ वजनासाठी उपाशी राहणे ही इबादत ठरत नाही. आणि इफ्तारला तळलेली भजी व सरबत यांची भरपाई करून घेतली, तर वजनही उतरत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून नफिल रोजे ठेवू नयेत. रक्तशर्करा अचानक खाली गेल्यास जिवाला धोका असतो, आणि जीव वाचविणे हे कर्तव्य आहे.

नित्यतेची किंमत

या साऱ्याचे सार एका हदीसमध्ये आहे, जी आदरणीय आएशा (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे सातत्याने केले जाते, मग ते थोडे का असेना. या मोजमापात मोठेपणाला किंवा वेगाला पहिले स्थान नाही. ते नित्यतेला आहे. व्यग्र माणसासाठी याहून मोठा दिलासा कोणता असेल? त्याच्याकडे दिवसातला तास नाही, पण 22 मिनिटे आहेत.

म्हणून, वाचकहो, पुढच्या महिन्यासाठी फार काही ठरवू नका. एक गोष्ट खाण्यातील, एक चालण्यातील आणि एक झोपेतील, अशा तीनच गोष्टी निवडा. आणि त्या इतक्या लहान ठेवा की सर्वांत वाईट दिवशीही त्या होऊ शकतील. रात्री झोपण्यापूर्वी स्वतःचा हिशेब घ्या. किती किलो गेले हे नव्हे, आज अमानत राखली का, एवढेच विचारा.

त्या बंधूंना मी दुसऱ्या दिवशी फजरनंतर थांबवून घेतले आणि हे सारे सांगितले. आमोख्त्याची गोष्ट ऐकून ते प्रथमच हसले. तेव्हापासून आम्ही दोघे मस्जिदीपासून बाजारतळापर्यंत जाऊन परत येतो. दोन दिवस पावसाने बुडाले, एक दिवस मी झोपलो, एक दिवस ते. मागच्या जुम्याला त्यांनी सांगितले की, काटा 88 आणि अर्ध्यावर आला आहे. माझा अजून हललेला नाही. पण ते आता आकडा सांगून थांबत नाहीत, "मौलाना, उद्या?" असे विचारतात, आणि मी हो म्हणतो. परवा चालताना ते म्हणाले, "अब्बांच्या जागी पहिल्या सफमध्ये उभे राहायचे आहे, खुर्चीवर नाही." त्यांनी आता खरी नियत केली आहे, असे मला वाटले.

हे अल्लाह, तू सोपविलेल्या या शरीराची अमानत राखण्याची सद्बुद्धी आम्हाला दे. आमच्या थोड्या प्रयत्नांत सातत्य दे, सातत्यात बरकत दे. आजारी बंधूभगिनींना आरोग्य प्रदान कर आणि अखेरच्या श्वासापर्यंत तुझ्यापुढे उभे राहण्याचे बळ आम्हाला दे. आमीन.